धाकट्यांच्या चालीने थोरल्या कंब्रेची प्रदक्षिणा

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर क्लाइड नदी समुद्राला मिळते, तेथे खाडी रुंदावत जाते आणि तिच्या कुशीत लहानमोठी बेटे विखुरलेली दिसतात. ग्रेट कंब्रे हे त्यांपैकी एक. ‘ग्रेट’ म्हणजे थोरले. पण हे थोरलेपण केवळ दक्षिणेस असलेल्या धाकट्या कंब्रेच्या तुलनेतले. बेटाची लांबी सुमारे ४ किलोमीटर आणि रुंदी सुमारे २ किलोमीटर. वस्ती दीड हजाराच्या आत आणि गाव एकच, मिलपोर्ट. बेटाला समुद्रकाठाने पूर्ण वळसा घालणारा रस्ताही एकच आहे. त्याची लांबी सुमारे १६ किलोमीटर, म्हणजे १० मैलांच्या आसपास. हा रस्ता बहुतेक ठिकाणी सपाट आहे, त्यावर मोटारी थोड्या असतात आणि त्याला फाटे फुटतात ते मोजकेच. ग्लासगो आणि त्याच्या परिसरातील असंख्य मुलांची पहिली ‘मोठी’ सायकलफेरी याच रस्त्यावर होत आली आहे.

व्यापारी कुटुंबाला एकत्र येण्याचे प्रसंग कमी नसतात. सण, लग्नकार्ये, यात्रा यांत सारे घर जमते. पण प्रवासाला निघाले की सगळे एका वाहनात बसतात आणि चालवणारा एकच असतो. उरलेले सारे सामानासारखे वाहून नेले जातात. सायकलीची गोष्ट वेगळी. तेथे सात वर्षांच्या नातवाला आणि साठीच्या आजोबांना आपापले अंतर आपल्याच पायांनी कापावे लागते. म्हणूनच सायकलफेरीची आखणी हा केवळ वेळापत्रकाचा प्रश्न राहत नाही. कुटुंबातील सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाला आपण ओझे झालो असे वाटू न देता सर्वांनी दिवस कसा घालवावा, हा तो प्रश्न आहे. ग्रेट कंब्रे या प्रश्नाला फार सोयीचे उत्तर देते.

बेटावर पोहोचण्याची वाट

ग्लासगोच्या सेंट्रल स्थानकातून लार्ग्ज या किनाऱ्यावरील गावी जाणारी आगगाडी साधारण तासाभरात पोहोचते. स्थानकापासून धक्का पायी काही मिनिटांवर. तेथून फेरीबोट सुटते आणि सुमारे १० मिनिटांत बेटाच्या ईशान्येकडील धक्क्याला लागते. उन्हाळ्याच्या हंगामात बोटी वारंवार सुटतात. साधारणपणे अर्ध्या तासाला एक, गर्दीच्या दिवसांत त्याहूनही लवकर. सायकलीसाठी बोटीवर वेगळे भाडे पडत नाही. बेटाच्या धक्क्यावर प्रत्येक बोटीच्या वेळेला बस उभी असते आणि ती उतारूंना मिलपोर्टला नेते.

या बसमुळे कुटुंबाची आखणी दोन भागांत करता येते. ज्यांना सायकल चालवायची नाही किंवा झेपणार नाही, ते बसने थेट मिलपोर्टला जाऊन समुद्रकाठच्या बाकावर निवांत बसू शकतात. बाकीचे सायकलीने तेथेच पोहोचतात. कोणी मध्येच थकले तरी गावातून परतण्यासाठी बस आहेच. माघारीची वाट आधीपासून ठरलेली असली की थकलेल्या माणसाला ती स्वीकारण्यात संकोच वाटत नाही. आखणी करणाऱ्याने ही गोष्ट निघण्यापूर्वीच सर्वांना मोकळेपणाने सांगून ठेवावी.

सायकली मिलपोर्टमध्ये भाड्याने मिळतात. मुलांच्या वेगवेगळ्या उंचीच्या सायकली, तान्ह्या मुलांसाठी मागची सीट, मोठ्यांच्या सायकलीला मागे जोडायची मुलाची अर्धी सायकल, दोघांनी मिळून चालवायची सायकल असे प्रकार असतात. मात्र गर्दीच्या दिवशी लहान मापाच्या सायकली आधी संपतात. सायकल ताब्यात घेताना दुकानातच दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत, चाकांतील हवा पाहावी, सीटची उंची बसवून घ्यावी आणि मुलाला दुकानासमोर एक फेरी मारायला लावावी. खरेदीपूर्वी माल पारखण्याची सवय ज्यांच्या हाडीमासी भिनलेली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. ब्रिटनमध्ये सायकलस्वाराला हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही, पण वाहतुकीच्या नियमावलीत त्याची शिफारस आहे. मुलांच्या बाबतीत ती आज्ञाच मानावी.

वारा, दिशा आणि प्रदक्षिणा

नकाशावर वर्तुळ दिसले की कोणत्याही बाजूने निघाले तरी अंतर सारखेच, असे वाटते. अंतर सारखे असते, श्रम सारखे नसतात. स्कॉटलंडच्या या भागात वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो. बेटाचा पूर्व किनारा मधल्या टेकड्यांच्या आडोशाला असतो, पश्चिम किनारा मात्र उघडा. म्हणून अशा दिवशी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जाणे हिताचे ठरते. धक्क्यापासून पूर्व किनाऱ्याने दक्षिणेकडे मिलपोर्टपर्यंतचे सुमारे ६ किलोमीटर आडोशाने होतात, आणि दुपारनंतर पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे येताना उरलेल्या १० किलोमीटरांत वारा पाठीवर असतो. मुले दमलेली असतात त्या वेळी वाऱ्याचा हात पाठीशी असणे फार मोलाचे. वसंत ऋतूत कधी वारा उत्तरेचा वा पूर्वेचाही असतो. म्हणून सकाळी हवामानाचा अंदाज पाहून मगच दिशा ठरवावी.

या दिशेला आणखी एक कारण आहे. ब्रिटनमध्ये भारताप्रमाणेच वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरताना बेट उजव्या हाताला राहते आणि समुद्र डाव्या हाताला. मुलांना वाळूवर उतरायचे असो वा सील पाहायला थांबायचे असो, रस्ता ओलांडावा लागत नाही. प्रदक्षिणेची दिशा आपल्याकडे लहानपणीच अंगवळणी पडते; येथे ती वाहतुकीच्या दृष्टीनेही सुरक्षित ठरते. पुढे एक जाणता सायकलस्वार, मधे मुले आणि सर्वांच्या मागे दुसरा जाणता, हा क्रम दिवसभर मोडू नये. वेग ठरवण्याचा अधिकार मात्र पुढच्याचा नाही, सर्वांत लहान मुलाचा.

मूल ताशी ८ किलोमीटरच्या गतीने चालले तर १६ किलोमीटरांना दोन तास पुरतात. पण दोन तासांची फेरी म्हणून निघालेले कुटुंब हमखास चिडचिडे होऊन परतते. थांबे, खाणे, खेळणे, पंक्चर, भिजलेले मोजे हे सारे धरून ५ ते ६ तासांचा हिशेब करावा. शेवटच्या बोटीवर विसंबून राहू नये. तिच्या आधीच्या दोन बोटी हाताशी ठेवून परतीचा बेत आखावा. जोरदार वारा सुटला की बोटी थांबतात, आणि समुद्रापुढे कोणाचा आग्रह चालत नाही.

कोणत्या महिन्यात जावे

जूनच्या मध्यावर येथे पहाटे साडेचारच्या सुमारास सूर्य उगवतो आणि रात्री दहानंतर मावळतो. डिसेंबरात तो दुपारी पावणेचारलाच बुडतो. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरांना उन्हाळ्यातील हा लांब दिवस मोठा दिलासा देतो. परतून, स्नान करून, घरी स्वयंपाक करून जेवले तरी सूर्य आकाशातच असतो. मात्र सूर्यास्त दहाला म्हणून मुलांचे जेवण नऊला, असे करू नये. त्यांच्या पोटाचे घड्याळ सूर्याकडे पाहत नाही.

मे महिना सर्वांत सोयीचा. पश्चिम स्कॉटलंडमध्ये वसंत ऋतू तुलनेने कोरडा असतो. मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्यांचा उपद्रव तेव्हा नुकताच सुरू होत असतो आणि समुद्रकाठच्या वाऱ्यात तो आणखी कमी जाणवतो. स्कॉटलंडमधील शाळांना जूनअखेर सुट्ट्या लागतात, त्याआधी बेटावर गर्दी बेताची असते. महाराष्ट्रातील शाळांची सुट्टी याच काळात येते आणि चातुर्मासही अद्याप दूर असतो. मे महिना म्हणजे ऊब, असे मात्र समजू नये. पारा क्वचितच १५–१६ अंशांच्या फार पुढे जातो. एकच जाड कोट घेण्यापेक्षा अंगावर चढवता-उतरवता येतील असे पातळ कपडे, वारा व पाऊस अडवणारे हलके जाकीट, हातमोजे आणि मोज्यांचा एक कोरडा जोड प्रत्येकाजवळ असावा.

शिदोरीचा हिशेब

मिलपोर्टमध्ये चहाची दुकाने, बेकरी, आइस्क्रीम सारे आहे. गावाबाहेरच्या रस्त्यावर मात्र सोय थोडी आणि तीही हंगामापुरती. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य असलेल्या घरांनी शिदोरी बरोबर घेणेच उत्तम. भाज्यांचे सूप म्हणून जे मिळते, त्यात कांदा-गाजर तर असतेच, पण ते मांसाच्या अर्कात शिजवलेलेही असू शकते. बटाट्याच्या तळलेल्या फोडी अनेक दुकानांत माशांच्याच तेलात किंवा गाईच्या चरबीत तळतात. विचारण्यात संकोच करू नये. विचारले तर दुकानदार नीट सांगतात.

बांधीव पदार्थांच्या वेष्टनावर घटकांची यादी असते. ब्रिटनमधील नियमानुसार अंडे आणि दूध यांसारखे ॲलर्जी आणणारे घटक त्या यादीत ठळक छापावे लागतात, त्यामुळे अंडे चटकन सापडते. जिलेटिन मात्र त्या नियमात येत नाही, म्हणून ते ठळक दिसत नाही; मुलांच्या गोळ्या-मिठाईच्या बाबतीत संपूर्ण यादी वाचणे अगत्याचे. भारतातून शिदोरी नेताना खाखरा, चिवडा, भाजलेले चणे, शेंगदाणे असे कोरडे पदार्थ उत्तम. पेढे, बर्फी, तूप घेण्याचा मोह टाळावा. दुधाचे पदार्थ प्रवाशांनी भारतातून ब्रिटनमध्ये नेण्यास मनाई आहे. ताजी फळे तेथील दुकानांतच घ्यावीत. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते, त्यामुळे घरून आणलेल्या बाटल्या भरून घेतल्या की विकतच्या पाण्याची गरज उरत नाही.

वाटेवरचे थांबे

पूर्व किनाऱ्याने दक्षिणेकडे निघाले की डावीकडे अरुंद समुद्र आणि पलीकडे मुख्य भूमीचा किनारा दिसत राहतो. त्या किनाऱ्यावर हंटर्स्टनच्या अणुवीज केंद्राच्या प्रचंड इमारती उभ्या आहेत. तेथील वीजनिर्मिती जानेवारी २०२२ मध्ये कायमची थांबली. आग्नेय टोकाकडे ज्वालामुखीच्या रसापासून बनलेली, भिंतीसारखी उभी कातळरांग लागते. तिला सिंहाचा खडक म्हणतात. आजूबाजूचा मऊ दगड झिजून गेला आणि हा कठीण कातळ तेवढा उरला.

पुढे केपेल येथे समुद्रजीवांच्या अभ्यासाचे केंद्र उभे राहिले. तेथील संग्रहालयाला डेव्हिड रॉबर्टसन (१८०६–१८९६) यांचे नाव दिले गेले, आणि व्यापारी घरांतील मुलांनी ते आवर्जून ऐकावे. रॉबर्टसन लहानपणी गुरे राखत. शिक्षण त्यांनी पुष्कळसे स्वकष्टाने मिळवले. पुढे ग्लासगोमध्ये त्यांनी चिनीमातीच्या भांड्यांचे दुकान थाटले आणि ते चांगले चालले. पुरेशी मिळकत झाल्यावर त्यांनी आणखी मिळकतीचा मार्ग सोडला, मिलपोर्टला येऊन राहिले आणि उरलेले आयुष्य किनाऱ्यावरील सूक्ष्म जीवांच्या अभ्यासाला वाहिले. विद्यापीठांतील पंडित त्यांच्याकडे शिकायला येत. १८८५ मध्ये जॉन मरे यांची ‘आर्क’ नावाची तरंगती प्रयोगशाळा मिलपोर्टला आली, तिच्या कामालाही रॉबर्टसन यांचा हातभार लागला. किनाऱ्यावरील पक्की इमारत १८९७ मध्ये खुली झाली, तेव्हा रॉबर्टसन हयात नव्हते. व्यापारातून आलेला पैसा केव्हा पुरेसा म्हणायचा, याचे उत्तर त्यांनी आपल्यापुरते शोधले होते.

ओहोटीच्या वेळी खडकांतील पाण्याच्या डबक्यांत खेकडे, शिंपले, समुद्रफुले दिसतात. भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या दिवशी पाहून ठेवाव्यात. मुलांनी पाहावे, पण काही उचलून नेऊ नये. एखादा दगड उलटला तर तो पुन्हा हळुवारपणे जसाच्या तसा ठेवावा, कारण त्याखालच्या जीवांना ओलावा आणि अंधार लागतो. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने सर्वांना बहुतेक मोकळ्या भूमीवर फिरण्याचा हक्क दिला आहे, पण तो जबाबदारीने वापरायचा आहे. कुरणाचे फाटक उघडले तर लावून घ्यावे. मे महिन्यात कोकरे लहान असतात, त्यांच्यामागे धावू नये.

मिलपोर्टमध्ये केम्स बेची वाळू मुलांना तासभर सहज रमवते. समुद्रकाठी मगरीच्या तोंडासारखा एक खडक आहे. त्यावर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी डोळे आणि दात रंगवले गेले आणि ते आजवर पुन्हापुन्हा रंगवले जातात. खाडीतील लहान खडकाळ बेटांवर सील पहुडलेले दिसतात. गावाच्या वर झाडीत एक छोटे कॅथेड्रल आहे. विल्यम बटरफील्ड या वास्तुकाराने रचलेली ही वास्तू १८५१ मध्ये खुली झाली, आणि ब्रिटनमधील सर्वांत लहान कॅथेड्रलांत तिची गणना होते. ती बांधवून घेणारे जॉर्ज बॉइल पुढे ग्लासगोचे अर्ल झाले आणि धर्मकार्यावर सढळ हाताने खर्च करता करता अखेर कर्जात बुडाले.

दुपारनंतर पश्चिम किनारा. येथे वस्ती जवळजवळ नाही. समोर ब्यूट बेट आणि त्यामागे अरन बेटाचे डोंगर. त्यांतील सर्वांत उंच गोट फेल ८७४ मीटर. फिन्ट्री बेचा किनारा शेवटच्या मोठ्या थांब्याला योग्य. उत्तर टोकाशी १८४४ मध्ये बुडून मरण पावलेल्या दोन तरुण नौसैनिकांचे स्मारक आहे. शांत दिसणाऱ्या पाण्यात मुलांना एकटे सोडू नये, याची ते आठवण करून देते. तेथून धक्का हाकेच्या अंतरावर. ज्यांच्या पायांत अजून बळ असेल, अशा मोठ्या मुलांसाठी मधल्या रस्त्याने ग्लेड स्टोनपर्यंतचा चढ आहे. हे बेटाचे सर्वोच्च ठिकाण १२७ मीटर उंचीवर आहे. चढ खरा आहे आणि उतार त्याहून खरा. लहान मुलांना तेथे नेऊ नये.

बेटाचा धंदा

सायकल हा या बेटाचा केवळ विरंगुळा नाही, पोटापाण्याचा आधार आहे. एकेकाळी जुलैत ग्लासगोच्या कारखान्यांना सुट्टी लागली की कामगारांची कुटुंबे आगबोटींनी क्लाइडकाठच्या गावांत लोटत आणि आठवडा-पंधरवडा राहत. १९६० नंतर स्पेनच्या उन्हाकडे नेणारी स्वस्त विमाने आली आणि ही गिऱ्हाइके पांगली. बेटापाशी उन्हाची हमी नव्हती. होता तो एक सपाट, गोल रस्ता. मुक्कामाचे गिऱ्हाईक गेले तरी दिवसापुरते येणारे गिऱ्हाईक या रस्त्याने राखले. गावातील दुकानदाराची मिळकत आजही बोटीवर आणि हवेवर अवलंबून आहे. बोट बंद राहिली तर त्या दिवसाचा गल्ला रिकामा राहतो, आणि तो दिवस पुन्हा येत नाही. समुद्राच्या लाटांपासून घरे-दुकाने वाचवण्यासाठी अलीकडच्या वर्षांत किनाऱ्यावर मोठे संरक्षणाचे कामही झाले आहे. शिदोरी घरची असली तरी चहा, फळे, मुलांची पतंग-बादली यांसारखी खरेदी बेटावर करावी. हंगामी बाजारपेठेतील दुकानदाराला त्या चार पैशांचे मोल किती असते, हे दुसऱ्या दुकानदाराला समजावून सांगावे लागत नाही.

पुढची पायरी

कंब्रे पचले की शेजारची बेटे बोलावतात. वेमिस बेहून ३५ मिनिटांच्या बोटीने ब्यूट बेटावरील रॉथसे गाव गाठता येते. तेथून पोर्ट बॅनाटाइनमार्गे एट्रिक बेच्या वाळूपर्यंतचा सुमारे ८ किलोमीटरांचा रस्ता बराचसा सपाट आहे आणि त्याच वाटेने परतता येते. अरन बेटाचा पूर्ण वळसा सुमारे ९० किलोमीटरांचा, मोठ्या चढांचा आणि सरावलेल्या सायकलस्वारांचा. पण त्याच बेटावर ब्रॉडिकपासून कॉरीपर्यंतचा समुद्रकाठचा रस्ता साधारण १० किलोमीटरांचा व सौम्य आहे. मोठ्या बेटाचा एक तुकडा निवडणे कमीपणाचे नाही. जेवढे झेपते तेवढेच पत्करणे ही हिशेबी माणसाची रीत.

जाण्या-येण्याच्या एकाच वाटेपेक्षा वर्तुळाचा गुण वेगळा आहे. तेथे मुलाला ‘आता मागे फिरायचे’ असे कोणी सांगत नाही. प्रत्येक वळणानंतर पुढेच जायचे असते, आणि पुढे जाता जाताच घर जवळ येते. संध्याकाळी बोटीच्या कठड्याला टेकून मागे पाहिले की सारे बेट एका नजरेत मावते. ते सारे आपण आपल्या पायांनी फिरून आलो, हे त्या वेळी घरातील सर्वांत लहान मुलालाही कळते. आणि त्याच्या चालीने सारे घर चालले, हेही.